परदेशातील घर : मालकी, कर आणि आरोग्यसेवा – स्पेनमधील ब्रिटिश निवृत्तांच्या उदाहरणावरून एक विवेचन

एखाद्या व्यक्तीने परक्या देशात घर विकत घेतले म्हणजे तिला नेमके काय प्राप्त होते? भिंती, छप्पर आणि त्यांखालची जमीन तिच्या नावावर होते, एवढे खरे. परंतु त्या घरात तिने वर्षातून किती दिवस राहावे, तिच्या उत्पन्नावर कोणत्या सरकारने कर घ्यावा, ती आजारी पडल्यास औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावा आणि तिच्या पश्चात ते घर कोणाकडे जावे, या प्रश्नांची उत्तरे खरेदीखतात सापडत नाहीत. हे प्रश्न निरनिराळ्या कायद्यांच्या कक्षेत येतात, आणि प्रत्येक कायदा माणसाला वेगळ्या सूत्राने आपल्याशी बांधतो. मालकीचे सूत्र म्हणजे जमिनीचे स्थान. कराचे सूत्र मुख्यतः वास्तव्य. आरोग्यसेवेचे सूत्र विमा अथवा निवृत्तिवेतन. वारशाचे सूत्र कोठे वास्तव्य, तर कोठे राष्ट्रीयत्व. ही सूत्रे एकाच देशाकडे जाणारी असतात तोपर्यंत त्यांचे वेगळेपण ध्यानात येत नाही. ती विलग झाली म्हणजे मात्र मालक घरात असूनही परका ठरतो.

या विलगीकरणाचे स्पष्ट उदाहरण म्हणजे स्पेनमधील ब्रिटिश निवृत्तांचे होय. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालागा, आलिकान्ते, आल्मेरिया या भूमध्यसागराकाठच्या प्रांतांत ब्रिटिश नागरिकांनी मोठ्या संख्येने घरे घेतली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. दुसऱ्या दिवशी या घरमालकांच्या मालकीहक्कात तिळमात्र फरक पडलेला नव्हता. परंतु मालकीभोवतीचे बहुतेक अन्य हक्क बदलले होते. समाजशास्त्रांत प्रयोगशाळेतील प्रयोग क्वचितच शक्य असतो. येथे इतिहासानेच एक घटक स्थिर ठेवून बाकीचे बदलून दाखविले, म्हणून हे उदाहरण अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

१. मालकी

स्थावर मालमत्तेवर ती जेथे वसलेली आहे तेथील कायद्याची सत्ता चालते, हे तत्त्व बहुतेक सर्व विधिपद्धतींना मान्य आहे. स्पेनमधील घर घेणाऱ्या परकीयास प्रथम आपला ओळख-क्रमांक मिळवावा लागतो. त्यानंतर खासगी करार होतो आणि शेवटी ‘नोतारियो’पुढे सार्वजनिक दस्त केला जातो. हा नोतारियो म्हणजे आपल्याकडील नोटरी नव्हे. तो राज्याने नेमलेला विधिज्ञ असून दस्ताची वैधता व पक्षकारांची क्षमता तपासणे हे त्याचे कर्तव्य असते. तथापि तो खरेदीदाराचा वकील नसतो, हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही.

दस्तानंतर नोंदणी. स्पेनमध्ये मालकी निर्माण होण्यास नोंदणी सामान्यतः अनिवार्य नाही. परंतु १९४६ च्या गहाणविषयक कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार, नोंदवहीवर विश्वासून प्रामाणिकपणे मोबदला देऊन घेणाऱ्या व स्वतःची नोंद करणाऱ्या खरेदीदारासच पूर्ण संरक्षण मिळते. या नोंदवहीहून ‘कातास्त्रो’ ही करआकारणीची भूनोंद निराळी असते, आणि दोहोंतील क्षेत्रफळ वा सीमा जुळतीलच असे नाही. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावरील नाव म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या द्वैताचे नवल वाटणार नाही.

घराबरोबर काही देणीही येतात. मागील मालकाने थकविलेला स्थानिक मालमत्ता कर नव्या मालकाकडून वसूल होऊ शकतो. सामाईक इमारतीत सदनिका घेतल्यास खरेदीचे वर्ष आणि त्यामागील तीन वर्षे यांच्या थकीत वर्गणीस ती सदनिका बांधलेली राहते.

परंतु सर्वांत गंभीर धोका मालकीचा नव्हे, तर बांधकामाच्या वैधतेचा होता. आल्मेरिया प्रांतातील वेरा या गावी एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचे घर जानेवारी २००८ मध्ये पाडण्यात आले. नगरपालिकेने दिलेला बांधकाम-परवाना प्रादेशिक नियोजनाच्या नियमांशी विसंगत म्हणून रद्द ठरला होता. जमीन मालकाची, पैसे मालकाचे, परवाना नगरपालिकेचा. आणि तरीही घर बेकायदेशीर. अशा तक्रारींचा ओघ युरोपीय संसदेपर्यंत पोहोचला आणि २६ मार्च २००९ रोजी, डेन्मार्कच्या सदस्या मार्ग्रेथ औकेन यांच्या अहवालाच्या आधारे, संसदेने स्पेनमधील बेबंद नगरविस्तारावर टीका करणारा ठराव संमत केला. पुढे २०१५ मध्ये स्पेनने, प्रामाणिक त्रयस्थाच्या नुकसानभरपाईची हमी घेतल्याशिवाय न्यायालयाने पाडकामाचा अंमल करू नये अशी तरतूद केली, आणि अंदालुसिया प्रदेशाने २०१९ च्या वटहुकुमाने अनेक अनियमित घरांना मर्यादित मान्यतेचा मार्ग खुला केला. तात्पर्य, नोंदवहीतील नाव मालकाची ओळख पटविते. घर उभे राहण्यास पात्र आहे की नाही, हे ती सांगत नाही.

२. वास्तव्याचा हक्क

संघाचे नागरिक असताना ब्रिटिश घरमालकास आपल्या घरात कितीही काळ राहण्यास व्हिसा लागत नसे. अनेकजण ऑक्टोबरात येऊन मार्चअखेर परतत. १ जानेवारी २०२१ पासून, ज्यांनी त्यापूर्वी स्पेनमध्ये कायदेशीर वास्तव्य केले नव्हते अशांना शेंगेन क्षेत्राचा सर्वसाधारण नियम लागू झाला : कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक मुक्काम नाही. हिवाळी मुक्कामाची परंपरा या एका नियमाने निम्म्यावर आली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरील प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने, पूर्वी पारपत्रावरील शिक्क्यांवर अवलंबून असलेली ही मोजणी आता काटेकोर होऊ लागली आहे.

अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या निवृत्तास नोकरी-व्यवसाय न करण्याच्या अटीवर मिळणारा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी ‘इप्रेम’ नामक अधिकृत निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. निर्देशांक दरमहा ६०० युरो असता ही रक्कम दरमहा २,४०० युरो होते. शिवाय आजारपणातील उपचारांची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. पाच लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेणाऱ्यास वास्तव्य-परवाना देणारी २०१३ ची योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. मालकीतून वास्तव्य निर्माण करणारा एकमेव सरळ दुवा अशा रीतीने तुटला. त्यामागे घरांच्या टंचाईने त्रस्त झालेल्या स्थानिक जनतेचा रोष होता, हेही नमूद केले पाहिजे. परकीयाचे रिकामे घर आणि स्थानिकाचे परवडेनासे भाडे यांचा संबंध लोकांच्या मनात जुळला, म्हणजे कायद्यावर त्याचा परिणाम होतोच.

३. कर

वास्तव्याचा हक्क आणि करविषयक निवास या दोन भिन्न कल्पना आहेत. परवाना नसतानाही एखादी व्यक्ती कराच्या दृष्टीने निवासी ठरू शकते. स्पेनच्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका पंचांगवर्षात १८३ दिवसांहून अधिक मुक्काम, अथवा आर्थिक हितसंबंधांचे मुख्य केंद्र स्पेनमध्ये असणे, यांपैकी एक कसोटी पुरेशी आहे. निवासी ठरलेल्याच्या जगभरातील उत्पन्नावर स्पेनमध्ये कर लागतो. अनिवासी व्यक्तीवर केवळ स्पेनमधील उत्पन्नापुरता.

मात्र या ‘उत्पन्ना’त एक काल्पनिक उत्पन्नही मोडते. घर भाड्याने न देता स्वतःसाठी रिकामे ठेवले तरी त्याच्या भूनोंदीतील मूल्याच्या २ टक्के, अथवा मूल्यांकन अलीकडे सुधारलेले असल्यास १.१ टक्के, इतके उत्पन्न झाले असे गृहीत धरले जाते. उदाहरणार्थ, भूनोंदीतील मूल्य १,००,००० युरो असल्यास १.१ टक्क्याने गृहीत उत्पन्न १,१०० युरो होते. युरोपीय संघातील रहिवाशास त्यावर १९ टक्के, म्हणजे २०९ युरो. संघाबाहेरच्यास २४ टक्के, म्हणजे २६४ युरो कर पडतो. ब्रिटनमधील रहिवासी २०२१ पासून दुसऱ्या वर्गात गेले. रक्कम मोठी नाही; परंतु भाडे न घेणाऱ्या मालकास विवरणपत्र भरावयाचे असते याची कल्पनाच नसते, आणि थकबाकी वर्षानुवर्षे साचत जाते. अनिवासी मालकाने घर विकल्यास खरेदीदाराने किमतीच्या ३ टक्के रक्कम कापून कोषागारात भरावयाची असते, त्यावेळी ही जुनी थकबाकी बहुधा उजेडात येते.

निवासी ठरलेल्यांपुढील प्रश्न निराळा. ब्रिटन व स्पेन यांच्यातील २०१३ चा दुहेरी करनिवारण करार संघत्यागानंतरही टिकून आहे, कारण तो दोन राष्ट्रांतील स्वतंत्र करार आहे. त्यानुसार सामान्य निवृत्तिवेतनावर निवासाच्या देशातच कर लागतो; शासकीय सेवेच्या निवृत्तिवेतनावर मात्र सामान्यतः वेतन देणारा देश कर आकारतो. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेली काही बचत-खाती स्पेनमध्ये करमुक्त राहत नाहीत. कारण एका राज्याने दिलेली सवलत दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसते.

परदेशी मालमत्ता जाहीर करण्याविषयीचा स्पेनचा २०१२ चा कायदा येथे उल्लेखनीय आहे. प्रत्येक प्रकारात ५०,००० युरोंहून अधिक मालमत्ता असणाऱ्या निवासी व्यक्तीने ती जाहीर न केल्यास कितीही वर्षांपूर्वीच्या संपत्तीवर कर आणि त्याच्या १५० टक्के दंड, अशी त्याची कठोर तरतूद होती. २७ जानेवारी २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने ही शिक्षा-व्यवस्था भांडवलाच्या मुक्त संचाराशी विसंगत ठरविली, आणि त्याच वर्षी स्पेनने ती बदलली. जाहीर करण्याचे कर्तव्य मात्र कायम राहिले.

४. आरोग्यसेवा

निवृत्तांच्या दृष्टीने या विषयाचे मर्म येथे आहे. घर घेताना मनुष्य साठीचा असतो; त्याचा खरा कस ऐंशीव्या वर्षी लागतो.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा हा नागरिकत्वाचा किंवा आयुष्यभर भरलेल्या कराचा मोबदला आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. कायद्याची कसोटी मात्र ‘सामान्य वास्तव्य’ ही आहे. कायमचा स्पेनला गेलेला ब्रिटिश नागरिक, विशेष अपवादात बसत नसल्यास, मायदेशी रुग्णालयातील मोफत उपचारांचा हक्क गमावतो. चाळीस वर्षे वर्गणी भरूनही असे घडते.

ही पोकळी युरोपीय संघाने समन्वय-नियमांनी भरून काढली होती. २००४ च्या विनियमाप्रमाणे एका देशाचे निवृत्तिवेतन घेऊन दुसऱ्या देशात राहणाऱ्यास वास्तव्याच्या देशात तेथील विमाधारकाप्रमाणे उपचार मिळतात, आणि खर्च वेतन देणारा देश सोसतो. त्यासाठी ‘एस-१’ हा दाखला नोंदवावा लागतो. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी स्पेनमध्ये स्थायिक झालेल्यांचा हा हक्क निर्गमन-कराराने सुरक्षित ठेवला. नंतर जाणाऱ्या राज्य-निवृत्तिवेतनधारकांसाठी व्यापार व सहकार्य करारासोबतच्या सामाजिक सुरक्षा-शिष्टाचारात तत्सम तरतूद आहे.

तेव्हा खरी अडचण निवृत्तिवेतनाचे वय न झालेल्यांची होते. पंचावन्नाव्या वर्षी काम सोडून आलेल्याजवळ एस-१ नसतो. स्पेनमध्ये तो नोकरी करीत नसल्याने तेथील वर्गणीदारही नसतो. त्यास खासगी विमा घ्यावा लागतो, आणि जुनी व्याधी असणाऱ्यास तो मिळणे दुरापास्त. एक वर्षाच्या वास्तव्यानंतर ‘विशेष करार’ नावाची २०१३ ची योजना उपलब्ध होते. ६५ वर्षांखालील व्यक्तीस दरमहा ६० युरो व त्यावरील व्यक्तीस १५७ युरो भरून सार्वजनिक सेवेचा लाभ मिळतो. बाहेरून घ्यावयाच्या औषधांवरील सवलत मात्र तीत नाही. पूर्वीची व्याधी येथे आड येत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु पहिले वर्ष कसे निभवायचे, हा प्रश्न उरतोच.

अल्प मुक्कामासाठी येणाऱ्या घरमालकाची स्थिती याहून वेगळी. त्याच्याजवळील आरोग्यपत्र मुक्कामात वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरणाऱ्या सार्वजनिक उपचारांपुरते असते. खासगी रुग्णालय किंवा मायदेशी नेण्याचा खर्च त्यात समाविष्ट नाही.

आणखी एक भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. उपचार आणि शुश्रूषा या दोन गोष्टी एक नव्हेत. मोडलेले हाड रुग्णालय जोडून देते. पण त्यानंतर स्नान, भोजन, चालणे यांसाठी लागणारी दैनंदिन मदत आरोग्यसेवेच्या कक्षेबाहेर जाते. दक्षिण युरोपात हे काम कुटुंबाने करावे अशी परंपरा आहे, आणि परकीय निवृत्ताचे कुटुंब दीड हजार किलोमीटर दूर असते. स्पेनने २००६ च्या परावलंबन-विषयक कायद्याने शुश्रूषेचा सार्वजनिक हक्क निर्माण केला. परंतु त्यासाठी पाच वर्षांचे वास्तव्य, आणि त्यांपैकी दोन वर्षे अर्जाच्या लगतपूर्वीची, असणे आवश्यक आहे. म्हणजे ज्याने आपला मुक्काम कर किंवा व्हिसा यांच्या हिशेबाने तुटक ठेवला, त्यास शुश्रूषेच्या वेळी तेच तुटकपण नडते. एका कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरलेले वर्तन दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने हानिकारक ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

५. असमर्थता आणि वारसा

वार्धक्यात बुद्धिभ्रंश झाल्यास घर विकून शुश्रूषेचा खर्च भागविण्याची वेळ येते. त्यावेळी मालकाची सही ग्राह्य राहत नाही. मायदेशी केलेले मुखत्यारपत्र प्रमाणित व अनुवादित केल्यावरही स्पॅनिश नोतारियोच्या कसोटीस उतरावे लागते. यास्तव, क्षमता शाबूत असतानाच स्पेनमध्ये, पुढील असमर्थतेतही टिकेल असे मुखत्यारपत्र करून ठेवणे हाच सुरक्षित उपाय होय.

मृत्यूनंतरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्लंडच्या कायद्यात मृत्युपत्र करणाऱ्यास विस्तृत स्वातंत्र्य आहे. स्पेनच्या सामान्य नागरी संहितेत मात्र संपत्तीचा दोन-तृतीयांश भाग संततीसाठी राखीव असतो : त्यातील अर्धा सर्व मुलांस समान, उरलेला अर्धा मुला-नातवंडांपैकी कोणासही, आणि केवळ शेवटचा एक-तृतीयांश इच्छेप्रमाणे. जोडीदाराच्या वाट्यास मुख्यतः उपभोगाधिकार येतो. १७ ऑगस्ट २०१५ नंतरच्या मृत्यूंना युरोपीय संघाचा वारसा-विनियम लागू आहे. त्यानुसार मृत्युसमयीच्या नित्य वास्तव्याच्या देशाचा कायदा चालतो. परंतु मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडण्याची मुभा आहे, आणि ही मुभा संघाबाहेरच्या नागरिकांनाही आहे. मृत्युपत्रातील एका वाक्याने सुटणारा हा प्रश्न ते वाक्य नसल्यास वर्षानुवर्षे चिघळतो. दुसऱ्या विवाहातील जोडीदारास राहते घर सावत्र मुलांशी वाटून घ्यावे लागते, ते प्रायः यामुळेच.

वारसा-कर याहून निराळा. तो सामान्यतः सहा महिन्यांच्या आत भरावा लागतो, मृत्युपत्रातील कायद्याच्या निवडीने तो बदलत नाही, आणि त्यातील सवलती प्रदेशागणिक भिन्न आहेत. या प्रादेशिक सवलती पूर्वी अनिवासींना नाकारल्या जात. ३ सप्टेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव अवैध ठरविला, आणि २०१८ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच न्याय संघाबाहेरच्या अनिवासींना लावला.

६. भारतीय वाचकाच्या दृष्टीने

भारतात राहणाऱ्या व्यक्तीस उदारीकृत धनप्रेषण योजनेखाली दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवून तेथे घर घेता येते. परंतु निवासी करदात्याने ते घर आपल्या विवरणपत्रात दाखविणे बंधनकारक आहे. त्यात कसूर झाल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यान्वये दहा लाख रुपयांच्या दंडाचा प्रसंग येऊ शकतो. आरोग्याच्या बाबतीत तर भारतीय मालक ब्रिटिशाहून अधिक उघडा पडतो, कारण युरोपीय समन्वय-व्यवस्थेतील एस-१ सारखा दाखला देणारी यंत्रणा भारताकडे नाही. त्यास खासगी विम्यावरच विसंबावे लागते.

राखीव वाट्याची कल्पना मात्र गोव्यातील वाचकास अपरिचित नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या तेथील कायद्यात निम्मी संपत्ती सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची गोव्याबाहेर भारतात अन्यत्र असलेली मालमत्ताही याच कायद्याने वाटली जाईल, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. घर मुंबईत आणि वारसा गोव्याच्या नियमाने, ही स्थिती म्हणजे स्थान व व्यक्ती या दोन सूत्रांमधील त्याच झगड्याचे घरगुती रूप होय.

७. समारोप

परदेशातील घर ही एक वस्तू असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती अनेक संबंधांची जुळणी आहे. या संबंधांपैकी केवळ मालकी ही दस्ताने विकत घेता येते. वास्तव्य परवान्याने मिळते, करदायित्व दिवसांच्या मोजणीने जडते, उपचार विम्याने किंवा निवृत्तिवेतनाने मिळतात, शुश्रूषा दीर्घ व अखंड वास्तव्याने, आणि वारसा मृत्युपत्राने. यांतील काही संबंध राज्याराज्यांतील करारांवर उभे आहेत, आणि करार बदलतात. २०२१ च्या पहिल्या दिवशी स्पेनमधील हजारो घरमालकांनी हे अनुभवले. म्हणून घर घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न केवळ ‘हे घर माझे होईल काय?’ एवढाच असून भागत नाही. ‘ऐंशीव्या वर्षी, आजारी व एकटा असताना, हा देश मला आपला म्हणेल काय?’ हा त्याच्या जोडीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खरेदीखताबाहेरच शोधावे लागते.